छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातले रवाळ फोटो : कारणे आणि उपाय

गौरी-गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी घरात काढलेले फोटो दुसऱ्या दिवशी संगणकावर मोठे करून पाहिले की पुष्कळांची निराशा होते. मूर्ती ओळखू येते, मखर ओळखू येते. पण आजीच्या चेहऱ्यावर कोणी बारीक रवा भुरभुरला असावा तसे ठिपके दिसतात, तिच्या गडद हिरव्या साडीत तांबडे-निळे डाग उमटलेले असतात आणि मागची भिंत गिलावा न केल्यासारखी खरखरीत दिसते. हाच कॅमेरा दुपारी अंगणात नितळ फोटो देत असल्यामुळे तो बिघडला असावा, अशी शंका येते. माझ्या घरीही हेच झाले होते आणि तो कॅमेरा दुरुस्तीला नेण्याची तयारीही झाली होती. प्रत्यक्षात त्याला प्रकाश पुरला नव्हता, एवढेच त्याचे दुखणे होते. खाली दिलेले सर्व उपाय या एकाच गोष्टीभोवती फिरतात : सेन्सरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीपर्यंत, अधिक प्रकाश पोचवणे आणि पोचलेला प्रकाश वाया न घालवणे.

रवा येतो कोठून

पावसाची अगदी बारीक भुरभुर चालू असताना अंगणात सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडल्या आणि क्षणभराने उचलल्या, तर एका वाटीत सात थेंब मिळतील, शेजारच्या वाटीत बारा, तिसरीत नऊ. पाऊस सगळीकडे सारखाच पडत असूनही मोजणी वेगळी येते. त्याच वाट्या मुसळधार पावसात बराच वेळ ठेवल्या, तर हा फरक एकूण पाण्याच्या मानाने नगण्य ठरतो. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे अशी एक वाटी असते आणि प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. एका बिंदूत सरासरी १०,००० कण जमले, तर त्यात साधारण १०० कणांचा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार होतो. फक्त १०० कण जमले, तर चढउतार १० कणांचा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो. एकाच रंगाच्या भिंतीवरचे शेजारशेजारचे बिंदू असे कमी-अधिक उजळ दिसू लागले की डोळ्याला रवा दिसतो. छायाचित्रकार त्याला नॉईज म्हणतात. जुन्या फिल्मवरचे कण हे चांदीच्या संयुगांपासून बनलेले खरेखुरे कण असत. येथे कण असा काही नसतो, मोजणीतली अनिश्चितताच तेवढी दिसत असते.

खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर भरते. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तेच ८६४ चौरस मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीसपट असते. एवढ्याशा जागेत १ कोटी २० लाख बिंदू बसवले की एकेका बिंदूच्या वाट्याला दीड मायक्रोमीटरची जागा येते. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. घरात ट्यूबलाईट आणि समईच्या उजेडात तो शंभर-दीडशे लक्सवर येतो. डोळा या फरकाला लगेच सरावतो, म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते, पण कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र हजारावा हिस्साच आलेला असतो.

आयएसओबद्दलचा गैरसमज

आयएसओचा आकडा वाढला की रवा येतो, हे वाक्य प्रत्येक माहितीपुस्तिकेत असते आणि ते अनुभवाला पटतेही. परंतु त्यातून चुकीचा अर्थ घेतला जातो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश रतीभरही बदलत नाही. जमलेल्या प्रकाशाचा विद्युत संकेत किती पट मोठा करून दाखवायचा, एवढेच तो आकडा ठरवतो. हळू आवाजात झालेले ध्वनिमुद्रण मोठ्या आवाजात ऐकले की बोलण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून आयएसओ १०० वर ठेवून काळपट फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर तो उजळ करायचा, ही युक्ती उपयोगाची नाही. छोट्या कॅमेऱ्यात तर तिने अंधाऱ्या भागातला रवा बहुधा अधिकच वाढतो. आयएसओ कमी ठेवण्याचा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा त्याची भरपाई म्हणून शटर (सेन्सरवर प्रकाश पडू देणारी झडप) अधिक वेळ उघडे राहते, भिंग अधिक उघडते किंवा खोलीतला उजेड वाढतो.

हे आकड्यांत पाहिले म्हणजे नीट उमगते. शंभर लक्सच्या खोलीत, झूम पूर्ण मागे घेऊन, भिंगाचे अ‍ॅपर्चर एफ/२.८ (प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) असताना, आयएसओ १०० वर योग्य उजळ फोटोसाठी शटर सुमारे १/५ सेकंद उघडे ठेवावे लागते. आयएसओ ४०० केला तर १/२० सेकंद पुरतो आणि ८०० केला तर १/४०. आता त्याच जागी उभे राहून झूम पूर्ण पुढे केला, तर बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चर एफ/५.९ च्या आसपास येते आणि सेन्सरवरचा प्रकाश चौपटीहून अधिक घटतो. तेव्हा आयएसओ ८०० असूनही शटर १/९ सेकंदावर जाते. १/४० सेकंद हवा असेल तर आयएसओ जवळजवळ ३५०० पर्यंत चढवावा लागतो, आणि या आकाराच्या सेन्सरकडून त्या आकड्यावर चांगल्या फोटोची अपेक्षा करता येत नाही.

यावरून पहिली कृती आपोआप ठरते. घरात किंवा मांडवात फोटो काढताना झूम पूर्ण मागे घ्यावा आणि स्वतः चार पावले पुढे जावे. एकही पैसा न खर्चता रवा एवढा कमी करणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही. फार जवळ गेल्यास चेहऱ्याचे नाक मोठे दिसते, म्हणून दीड मीटरच्या आत जाऊ नये. डिजिटल झूम मेनूमधून कायमचा बंद करून टाकावा. तो फोटोचा मधला तुकडा कापून फुगवतो आणि त्यासोबत रवाही फुगतो.

खोलीतला उजेड वाढवणे

कॅमेऱ्याच्या मेनूत शिरण्याआधी खोलीकडे पाहावे. सर्व दिवे लावावेत, पडदे सरकवावेत आणि शक्य असल्यास फोटोचा कार्यक्रम उजेड असतानाच उरकावा. गौरी जेवणाच्या दिवशी दुपारच्या नैवेद्याचे फोटो संध्याकाळच्या आरतीपेक्षा नेहमी नितळ येतात, त्याचे कारण एवढेच आहे. मखराभोवतीच्या विजेच्या माळा डोळ्याला झगमगीत वाटतात. पण त्यांचा उजेड चेहऱ्यापर्यंत फारसा पोचत नाही, उलट त्या झगमगाटामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो. अभ्यासाचा टेबललॅम्प किंवा एखादा जास्तीचा एलईडी दिवा मात्र फार उपयोगी पडतो. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की त्याचा उजेड चौपट होतो, हा नियम लक्षात ठेवून दिवा जितका जवळ आणता येईल तितका आणावा, फक्त तो फोटोच्या चौकटीबाहेर राहील एवढे पाहावे. उजेड थेट डोळ्यांवर येत असेल, तर दिव्याचे तोंड जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे फिरवावे. थोडा प्रकाश वाया जातो, पण चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ होतात. सावल्या मऊ होण्याला येथे दुहेरी महत्त्व आहे, कारण रवा सर्वांत आधी दिसतो तो सावलीतच.

जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्या उजेडात निळा प्रकाश फार थोडा असतो. पांढरे कपडे पांढरे दिसावेत म्हणून कॅमेरा निळ्या रंगाचा संकेत कितीतरी वाढवून घेतो आणि त्या वाढीबरोबर निळ्या रंगातला रवाही वर येतो. साडीत दिसणाऱ्या निळसर डागांचे हे एक मोठे कारण आहे. पांढऱ्या उजेडाचा चांगला एलईडी लावला की हे डाग लक्षणीय प्रमाणात कमी होतात.

कॅमेऱ्यातली मांडणी

पूर्ण ऑटो मोडमध्ये आयएसओ ठरवण्याचा अधिकार कॅमेऱ्याकडे असतो आणि हात हलण्याच्या भीतीने तो आयएसओ चटकन वाढवतो. म्हणून डायल पी या अक्षरावर आणावी; तेथे शटर आणि भिंगाचे छिद्र कॅमेरा ठरवतो, पण आयएसओ आपल्याला ठरवता येतो. आयएसओच्या यादीतून स्वतः आकडा निवडावा, किंवा ऑटो आयएसओची वरची मर्यादा ठरवण्याची सोय असेल तर ती ४०० किंवा फार तर ८०० वर आणून ठेवावी. आपल्या कॅमेऱ्याला नेमके काय झेपते, हे एकदा तपासून घेणे चांगले : रात्रीच्या दिव्यात पुस्तकांची मांडणी, वाटीभर हळद आणि एखादे काळे कापड टेबलावर ठेवून, कॅमेरा स्थिर करून, १०० पासून १६०० पर्यंत प्रत्येक आयएसओवर एकेक फोटो काढावा आणि ते सहा गुणिले चार इंच आकारात छापून पाहावेत. या अर्ध्या तासाच्या कामातून जी समज येते, ती वाचून येत नाही. साधारणपणे २००९ च्या आधीच्या छोट्या कॅमेऱ्यांत ४०० च्या पुढे जाऊ नये. त्यानंतर मागच्या बाजूने प्रकाश घेणारे सेन्सर या वर्गात आले आणि त्यांत ८०० पर्यंत छापण्याजोगा फोटो मिळू लागला.

आयएसओ खाली आणला की शटर लांबते, आणि मग कॅमेरा स्थिर ठेवणे हीच खरी कला ठरते. ट्रायपॉड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पुस्तकांचा गठ्ठा, पितळी डबा, उलटा ठेवलेला पाट, यांपैकी काहीही चालते. मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटलेली वस्तू म्हणजे पाव किलो तांदळाची कापडी पिशवी. ती खुर्चीच्या पाठीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवून वर कॅमेरा दाबून बसवला की तो हवा तसा वळवता येतो आणि हलत नाही. बटण दाबतानाचा हिसका टाळण्यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा. कॅमेरा अशा प्रकारे टेकवलेला असताना थरथर रोखणारी यंत्रणा बंद करावी, आणि हातात धरल्यावर ती आठवणीने चालू करावी. हातातल्या फोटोत ती यंत्रणा १/३० ऐवजी १/८ सेकंदापर्यंत निभावून नेते. हातातच काढायचे असेल, तर दाराच्या चौकटीला खांदा टेकवावा, कोपरे छातीशी घट्ट ठेवावीत, श्वास सोडून थांबावे आणि एकापाठोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत. बटण दाबण्याचा धक्का पहिल्या फोटोत आणि सोडण्याचा शेवटच्या फोटोत येतो, त्यामुळे मधला बहुधा सर्वांत स्पष्ट निघतो.

हे सर्व मूर्तीला, मखराला, रांगोळीला लागू पडते. माणसे हलतात, आणि थरथर रोखणारी यंत्रणा त्यांना स्थिर करू शकत नाही. टाळ्या वाजवत आरती म्हणणाऱ्या लोकांसाठी निदान १/६० सेकंद हवाच, मग त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी वाढवावा. रवा असलेला स्पष्ट फोटो आणि रवा नसलेला पण हललेला फोटो यांत निवड करायची वेळ आली, तर मी कसलाही विचार न करता पहिला निवडेन. रवा नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा परत मिळवता येत नाही. यातून मार्ग काढायचा तर क्षण निवडावा. आरती संपून सर्वांचे हात जोडलेले असतात, नैवेद्य दाखवताना आई क्षणभर स्तब्ध असते, नमस्काराला वाकलेले मूल उठण्यापूर्वी थांबते. त्या क्षणी १/१५ सेकंदही पुरतो.

मखराला पांढरे कापड किंवा पांढरा कागद वापरला असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चौकटीत पांढरा रंग अधिक असला की तो फोटो गरजेपेक्षा काळपट काढतो आणि चेहरे सावलीत जातात. अधिक-उणे चिन्ह असलेले बटण दाबून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +२/३ किंवा +१ करावे. मात्र त्याआधी आयएसओ एका आकड्यावर बांधून ठेवलेला असावा, म्हणजे ही वाढ शटरच्या वेळेतून मिळेल. तो मोकळा असेल तर कॅमेरा आयएसओच वाढवून मोकळा होतो. पडद्यावर फोटो किती उजळ दिसतो यावर विसंबू नये, कारण अंधाऱ्या खोलीत पडदा नेहमीच उजळ वाटतो. हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्या उजेडाचे किती बिंदू आहेत हे दाखवणारी, आकृती पाहावी; ती उजव्या कडेला न आपटता जितकी उजवीकडे असेल तितके चांगले.

फोटोचा दर्जा निवडताना सर्वांत वरचा, म्हणजे फाईन किंवा सुपरफाईन घ्यावा, आणि रॉ फाईलची (सेन्सरचा संकेत सफाई न करता जसाच्या तसा साठवणाऱ्या फाईलची) सोय असेल तर तीही सोबत साठवावी. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट मालिकेतील अनेक कॅमेऱ्यांना ही सोय मुळात नव्हती. त्यांच्यासाठी हौशी संगणकतज्ज्ञांनी सीएचडीके नावाची प्रणाली तयार केली असून, ती मेमरी कार्डवरून चालते आणि रॉ फाईल मिळवून देते.

फ्लॅशचा मर्यादित उपयोग

छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंत उपयोगी पडतो, आणि झूम पुढे केल्यास त्याहून कमी. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून व्यासपीठाच्या दिशेने मारलेला फ्लॅश पुढच्या माणसाचे डोके तेवढे उजळतो. जवळच्या माणसांसाठी मात्र तो वापरावा, पण स्लो सिंक या पर्यायासह, म्हणजे चेहरा फ्लॅशने आणि मागची खोली तिच्या स्वतःच्या उजेडाने उमटते. काच आणि पितळ यांच्यासमोर तो बंदच बरा. अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ती सर्वांनी मनापासून पाळावी. तेथे झूम मागे, थरथर रोखणारी यंत्रणा चालू, भिंतीला किंवा खांबाला अजिबात न टेकता कोपरे अंगाशी, आयएसओ ८०० आणि लागोपाठ चार फोटो, एवढेच आपल्या हातात असते.

रात्रीचे लांब एक्स्पोजर

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावरचे दिवे टिपण्यासाठी शटर काही सेकंद उघडे ठेवले की रव्याचा दुसरा प्रकार समोर येतो. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात संकेत साठतो आणि काळ्या आकाशात ठरावीक जागी तांबडे, हिरवे, पांढरे बिंदू चमकतात. तो घालवण्यासाठी पुष्कळ कॅमेरे लांब फोटोनंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा, पूर्ण काळा फोटो घेतात आणि पहिल्यातून तो वजा करतात. आठ सेकंदांच्या फोटोनंतर आणखी आठ सेकंद कॅमेरा गप्प राहिला, तर तो अडकला असे समजून बंद करू नये. कॅमेरा उन्हातल्या गाडीत तापत ठेवलेला नसावा, आणि दोन फोटोंच्या मध्ये पडदा बंद करून त्याला निवू द्यावे.

चार फोटोंचा एक फोटो

मूर्ती हलत नाही, याचा लाभ घेण्याचा हा उपाय मला सर्वांत आवडतो. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर घट्ट बसवून, तीच मांडणी ठेवून, एकाच दृश्याचे चार फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोतला रवा वेगळ्या जागी पडतो, मूर्ती मात्र त्याच जागी असते. म्हणून चौघांची सरासरी काढली की रवा निम्मा होतो, आणि सोळा फोटोंची काढली तर चौथा हिस्सा उरतो. गिम्प या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये चारही फोटो एकावर एक स्तर म्हणून उघडावेत आणि त्यांची अपारदर्शकता खालून वर १००, ५०, ३३ आणि २५ टक्के ठेवावी. एवढ्याने अचूक सरासरी मिळते. वाऱ्याने हलणारी ज्योत किंवा उदबत्तीचा धूर मात्र पुसट होतो. काही कॅमेरे हेच काम स्वतः करतात : सोनीने २००९ मध्ये आणलेल्या डब्ल्यूएक्स१ मध्ये हातात धरून लागोपाठ सहा फोटो घेऊन ते जुळवण्याचा मोड होता. आपल्या कॅमेऱ्यात असा मोड असेल तर तो अवश्य वापरावा.

संगणकावरची सफाई आणि छपाई

रव्याचे दोन भाग असतात : रंगीत डाग आणि उजेड-अंधाराचे बारीक ठिपके. रंगीत डाग डोळ्याला अधिक खुपतात आणि ते काढल्याने तपशील फारसा बिघडत नाही, म्हणून रॉथेरपी किंवा डार्कटेबल यांसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये रंगाची सफाई सढळ हाताने आणि उजेडाची अगदी बेताने करावी. दुसरी वाढवत नेली की चेहरा मेणाचा दिसू लागतो, कपाळावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि पैठणीचा पदर सपाट होतो. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हाच तर त्या फोटोचा जीव असतो. त्यापेक्षा थोडा रवा राहिलेला परवडतो. धार वाढवण्याचे काम सफाईनंतरच करावे, कारण आधी केल्यास रव्यालाच धार चढते. रंगीत डाग कशानेही जात नसतील, तर फोटो कृष्णधवल करून पाहावा. उरलेला रवा त्यात बराच सुसह्य वाटतो.

फोटो टाकून देण्याआधी तो योग्य आकारात पाहावा. ४००० बिंदू रुंदीचा फोटो संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहणे म्हणजे सुमारे ४० इंच रुंद छाप नाकाजवळ धरून पाहणे होय. तोच फोटो २००० बिंदूंवर आणला की चार बिंदूंचा एक होतो आणि रवा जवळजवळ निम्म्यावर येतो. सहा गुणिले चार इंचांच्या छापासाठी १८०० बिंदूही पुरतात. लॅबमध्ये फाईल देताना ऑटो करेक्शन बंद ठेवून छापायला सांगावे. नाहीतर लॅबचे यंत्र काळपट भाग आपणहून उजळ करते, आणि सावलीत निजलेला रवा छापावर पुन्हा जागा होतो.